दारूचे दुकान बंद करणाऱ्या बाया

दारू वाईट आहे हे सर्वांना माहीत आहे. पण तिच्याविरुद्ध कोण लढले ते पुष्कळांना माहीत नसते. गुरुजींनी वर्गात सांगितले, ते मी लिहीत आहे.

आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्हा आहे. त्यात दुबगुंटा हे लहान गाव आहे. तिथल्या बाया शेतात मजुरीला जायच्या. त्या दिवसभर राबायच्या आणि घरधनी पैसे दारूत घालवायचे. घरात दाणा नसला तरी गावात दारू मात्र मिळायची.

१९९१ च्या सुमारास तिकडे मोठ्या माणसांसाठी साक्षरतेचे वर्ग निघाले. बाया रात्री पाटी घेऊन शिकायला जाऊ लागल्या. त्यांच्या पुस्तकात दारूमुळे एका बाईच्या संसाराची नासाडी झाली असा धडा होता. ही तर आपलीच गोष्ट आहे, असे बायांना वाटले. मग रोसम्मा व इतर बाया एक झाल्या. त्यांनी गावातली दारू बंद पाडली.

१९९२ साली ही गोष्ट गावोगाव पसरली. सरकार दारूविक्रीचा लिलाव करायचे. बायांनी लिलावच होऊ दिला नाही. शेवटी १ ऑक्टोबर १९९३ पासून आंध्रात गावठी दारूची विक्री बंद झाली. १९९५ साली सगळीच दारू बंद झाली. पण दारूच्या कराचा पैसा बुडतो म्हणून १९९७ साली सरकारने ती बंदी उठवली. म्हणजे कायदा झाला की काम संपले असे नाही. लक्ष ठेवावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही लोकांनी चळवळ केली, म्हणून गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली. शिवाय आपल्याकडे मतदानाचा नियम आहे. गावातल्या शंभरातल्या पंचवीस बाई मतदारांनी सह्या करून अर्ज दिला तर मतदान घेतात. चिठ्ठीवर एक उभी आणि एक आडवी बाटली असते. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद! मत गुप्त असते, म्हणून कोणाला भ्यायचे कारण नाही.

आमचे अण्णा बाजारच्या दिवशी पिऊन येतात. आई काही बोलत नाही. हा लेख मी रात्री आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "परत एकदा वाच." मी मोठ्याने वाचला. अण्णा पण ऐकत होते.

शाळेत आलेल्या सर्व पालकांनी हा लेख वाचावा, ही विनंती.

इयत्ता चौथी