पाटीवरचे किलोवॅट आणि माळव्याचा वारा

उज्जैनच्या जयसिंगपुऱ्यात, क्षिप्रेच्या काठी, सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वेधशाळा बांधली. पितळी यंत्रांवर त्याचा भरवसा उरला नव्हता. ती लहान असतात, त्यांचे आस झिजतात, मध्य सरकतो आणि मग वेध चुकतात, अशी त्याची तक्रार. म्हणून त्याने दगड-चुन्याची, जागची हलणारच नाहीत अशी यंत्रे उभारली. पुढे वेधशाळेची पडझड झाली. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तिथले शंकुयंत्र 1937 मधले, आपट्यांच्या देखरेखीखाली उभे राहिलेले. राजपूत राजा आणि मराठी ज्योतिर्गणिती, दोघांचाही आग्रह एकच: वेध कोणीही घेतला तरी माप तेच आले पाहिजे.

घरगुती पवनचक्क्यांच्या बाजारात हा आग्रह फार उशिरा आला, आणि आपल्याकडे तो अजून पुरता रुजलेला नाही. सोलर पॅनेल घेणाऱ्याला ‘तीन किलोवॅट’ म्हटले की अर्थ कळतो, कारण पॅनेलची क्षमता जगभर एकाच ठरलेल्या प्रकाशात आणि तापमानात मोजतात. पवनचक्कीच्या पाटीवरचा किलोवॅटचा आकडा मात्र किती वाऱ्यात मोजला, हे उत्पादकाच्या मर्जीवर होते. कोणी सेकंदाला 11 मीटर वाऱ्यातली ताकद छापायचा, कोणी 14 मीटरची. फरक तीन मीटरचा दिसतो. पण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते, आणि 14 चा घन 11 च्या घनाच्या दुपटीहून जास्त भरतो. म्हणजे एकाच यंत्रावर वेग बदलून जवळजवळ दुप्पट आकड्याची पाटी लावता येते, आणि ती खोटीही ठरत नाही. सेकंदाला 14 मीटर म्हणजे ताशी 50 किलोमीटर. असा वारा उज्जैनच्या गच्चीवर वर्षातून किती तास येतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

या गोंधळाला अमेरिकेत 2009 मध्ये लगाम बसला. तिथल्या पवनऊर्जा संघटनेने छोट्या यंत्रांसाठी मानक केले आणि यंत्रामागे तीन आकडे सक्तीचे केले: 11 मीटर वाऱ्यातली शक्ती, सरासरी 5 मीटर वाऱ्यात वर्षाला मिळणारी युनिटे, आणि आवाज. या मानकाखाली 2011 मध्ये पहिले प्रमाणपत्र मिळाले ते ओक्लाहोमातल्या बर्गी कंपनीच्या ‘एक्सेल 10’ला. नावात दहा, पण 11 मीटर वाऱ्यात मोजलेली शक्ती 8.9 किलोवॅट आणि वार्षिक उत्पादन 13,800 युनिटे. ‘स्कायस्ट्रीम 3.7’ हे यंत्र 2.4 किलोवॅटचे म्हणून विकले जाई, प्रमाणपत्रावर 2.1 किलोवॅट आणि 3,420 युनिटे आली. दोन्ही कंपन्यांनी आकडे उतरलेले मुकाट स्वीकारले, हे मला त्यांच्या बाजूचे वाटते.

या आकड्यांना पात्यांच्या घेराने भागले की यंत्रांची खरी तुलना होते. एक्सेलचा व्यास 7 मीटर, घेरातले क्षेत्रफळ साधारण 38.5 चौरस मीटर. दर चौरस मीटरला वर्षाकाठी सुमारे 358 युनिटे. स्कायस्ट्रीमचा व्यास 3.7 मीटर, तिथे 315 च्या आसपास. प्रमाणपत्र मिळालेल्या चांगल्या यंत्रांमध्ये अंतर एवढेच असते. वाऱ्यातल्या शक्तीपैकी 59.3 टक्क्यांपलीकडे कोणालाच काढता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांचे गणित शंभर वर्षांचे जुने आहे. त्यामुळे दोन मीटर व्यासाचे यंत्र सात मीटरवाल्याएवढी वीज देईल असे कोणी सांगितले, तर पुढचे संभाषण चहापुरते ठेवावे.

प्रमाणपत्रामागची मेहनत मोठी असते. मनोऱ्याशेजारी दुसरा मनोरा, त्यावर वेगमापक. दर मिनिटाची सरासरी घेऊन वाऱ्याचे अर्ध्या-अर्ध्या मीटरचे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यात पुरेशी नोंद होईतो थांबायचे. त्यातून शक्तिवक्र तयार होतो. शिवाय ‘आयईसी 61400-2’ या आंतरराष्ट्रीय मानकाची टिकाऊपणाची परीक्षा असते: किमान सहा महिने, वीज देत असलेले 2,500 तास, त्यातले काही तास जोरदार वाऱ्यातले, आणि एकूण वेळेच्या 90 टक्के यंत्र चालू स्थितीत. घेर 200 चौरस मीटरपर्यंत असेल तर यंत्र ‘छोटे’. आपल्याकडे हे काम चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था करते. 1998 मध्ये ती ‘सी-वेट’ म्हणून सुरू झाली. तिचे चाचणी केंद्र तमिळनाडूत कायथारला आहे. तपासलेल्या छोट्या यंत्रांची यादी ती काढत आली आहे, आणि तीत पुण्याच्या युनिट्रॉनची यंत्रेही आहेत. केंद्र सरकारच्या छोट्या पवन-सौर संचांच्या योजनेत महाऊर्जा या राज्य संस्थेच्या खटपटीमुळे महाराष्ट्र पुढे राहिला. तरी साऱ्या देशातली अशा संचांची क्षमता मोजक्या मेगावॅटांतच अडकली. मोठ्या वाऱ्याच्या देशात छोटी पवनचक्की का रुजली नाही, याचे उत्तर मला नेदरलँड्समधल्या एका शेतात सापडते.

त्या देशाच्या झेलंड प्रांतात, स्कोनडाइक गावाजवळ, एप्रिल 2008 ते मार्च 2009 असे वर्षभर बाजारातली वेगवेगळी यंत्रे एकाच मोकळ्या जागेत शेजारी-शेजारी चालवली गेली. सर्वांना वारा तोच, सरासरी सेकंदाला 3.8 मीटर. 5.8 किलोवॅटच्या ‘माँटाना’ने वर्षात 2,691 युनिटे दिली, स्कायस्ट्रीमने 2,109. शेजारी 2.5 किलोवॅटची पाटी मिरवणारे, उभ्या आसाचे ‘टर्बी’ होते, देखणे आणि किमतीला 21,350 युरो. त्याने दिली 247. पाटी स्कायस्ट्रीमइतकीच, किंमत दुप्पट, वीज आठव्या हिश्श्याएवढी. सहा किलोवॅटचे ‘डब्ल्यूआरई 060’ हेही उभ्या आसाचे. ते 485 वर थांबले. ‘एनर्जी बॉल’ नावाच्या गोंडस गोळ्याने अख्ख्या वर्षात 73 युनिटे दिली. आपल्याकडचा एक जुना फ्रीज त्याहून जास्त खातो. जिंकलेल्या दोन्ही यंत्रांमध्ये नवल काही नव्हते: आडवा आस, तीन पाती, मोठा व्यास.

गच्चीवर पवनचक्की बसवायची हौस असणाऱ्यांसाठी ब्रिटनमधली वॉरिकची चाचणी आहे. 2009 च्या तिच्या अहवालात इमारतींवर बसवलेली 26 यंत्रे आहेत. ती सतत पूर्ण ताकदीने चालली असती तर मिळाली असती त्या विजेच्या सरासरी 0.85 टक्केच वीज हाती आली. त्यात यंत्रे बंद होती तो काळही धरलेला आहे. घरे, झाडे, पाण्याच्या टाक्या वारा अडवतात आणि ढवळतात. ढवळलेल्या वाऱ्यात पाती सतत तोंड फिरवत राहतात आणि बेअरिंगा झिजतात. म्हणून जाणकारांचा ठोकताळा असा, की 150 मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच अडथळ्याच्याही किमान 9 मीटर वर पाती हवीत. महाकाळच्या गल्ल्यांमध्ये हा नियम कोणत्या गच्चीला पाळता येईल?

आता माळव्याकडे. मेघदूतातला यक्ष मेघाला उज्जयिनीची वाट सांगताना क्षिप्रेवरच्या पहाटवाऱ्याचे कौतुक करतो. कमळांचा गंध आणणारा, शीण घालवणारा वारा तो. अंगाला सुखावणारा वारा बहुधा सेकंदाला दोन-तीन मीटरचा असतो, आणि बहुतेक छोटी यंत्रे तीन-साडेतीनला जेमतेम फिरू लागतात. कालिदासाचा वारा त्यांच्या कामाचा नाही. कामाचा वारा पठारावर, टेकड्यांवर आहे. देवासजवळ जामगोदरानीच्या टेकडीवर 1990 च्या दशकापासून पवनचक्क्या आहेत. पण तो उंचावरचा वारा आहे. मध्य प्रदेशाची पवनक्षमता 100 मीटर उंचीवर सुमारे 10.5 गिगावॅट धरतात आणि 150 मीटरवर जवळपास 55. राज्याच्या नकाशावरचा रंग पाहून शेतातल्या 15 मीटर खांबाचा हिशेब करणे म्हणूनच महागात पडते. भारतातल्या वाऱ्याच्या नोंदी अॅना मणी यांनी जमवल्या आणि 1983 मध्ये त्यांचा ग्रंथ आला. हवामान खात्यात उपकरणे घडवण्यात हयात घालवलेल्या या बाईंनी वारा ठिकाणागणिक मोजण्याचे काम चिकाटीने केले, ते उगाच नव्हे.

उज्जैन समुद्रसपाटीपासून साधारण 490 मीटर उंच आहे. पावसाळ्यात तिथल्या हवेची घनता घनमीटरला सुमारे 1.1 किलो येते, प्रमाणपत्रे 1.225 धरून काढतात. म्हणजे दहा टक्के तिथेच गेले. समजा शहराबाहेर, मोकळ्या वावरात, उंच मनोऱ्यावर सरासरी 5 मीटर वारा मिळाला, तर स्कायस्ट्रीमच्या जातीचे यंत्र वर्षाला तीन हजारांच्या आसपास युनिटे देईल. सरासरी 4 मीटर असेल तर घनाच्या हिशेबाने निम्मीच. एवढी वीज गच्चीवरचे एक किलोवॅट सोलर दिवसाला चार युनिटे धरून देते, मनोऱ्याशिवाय आणि ग्रीस न मागता. वर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 2024 पासून तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. शहरातल्या घरासाठी माझा कौल सोलरलाच आहे, आणि त्यावर मला फारसा विचार करावा लागत नाही.

वावरातल्या घराचे गणित वेगळे. माळव्यात वाऱ्याचा जोर मे ते ऑगस्ट असतो, आणि त्यातल्या पावसाच्या महिन्यांत आभाळ भरून सोलरची वीज घटते. विजेची तार पोचलेली नाही किंवा पोचूनही बेभरवशाची आहे, बॅटरी ठेवायचीच आहे, अशा जागी दोन्हींची जोडी शोभते. मनोऱ्यावर मात्र हात आखडू नये. 10 मीटरचा खांब 24 मीटरचा केला तर मोकळ्या रानात वेग साधारण 13 टक्के वाढतो आणि ऊर्जा 45 टक्के. मोठे यंत्र घेण्यापेक्षा हा सौदा बहुधा स्वस्त पडतो.

सरासरीचा आकडाही उकलून मागावा. सदा 5 मीटर वाहणारा वारा आणि अर्धा वेळ 2, अर्धा वेळ 8 मीटर वाहणारा वारा, दोघांची सरासरी 5 च. पण दुसऱ्यात ऊर्जा पहिल्याच्या दुपटीहून जास्त. प्रमाणपत्रे हा चढ-उतार ठरावीक सूत्राने धरतात. आपले शेत त्या सूत्राप्रमाणे वागेलच असे नाही. म्हणून मनोऱ्याच्या उंचीवर वर्षभर वेगमापक लावून तासातासाची नोंद घ्यावी आणि ती यंत्राच्या प्रमाणित शक्तिवक्राला लावून युनिटे काढावीत. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. विक्रेत्याने जून-जुलैच्या नोंदी पुढे केल्या, तर त्याच खांबावरच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मागून घ्याव्यात.