चिप बसवलेल्या गाडीचा दोष शोधताना

डिझेल पिकअपला किंवा ट्रकला बाहेरची परफॉर्मन्स चिप बसवली की चढाला गाडी हलकी वाटते, हे खरे आहे. गैरसमज त्यापुढे सुरू होतात. सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज असा, की चिप ही ताकद देणारी स्वतंत्र वस्तू असून इंजिनच्या बाकी कारभाराशी तिचा संबंध नाही. बाजारातले बरेच चिप-बॉक्स कॉमन रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरिंगमध्ये मधेच कपलर लावून जोडलेले असतात. हा सेन्सर रेलमधल्या दाबानुसार साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टचा सिग्नल ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) पाठवतो आणि चिप तो सिग्नल थोडा खाली ओढते. समजा, रेलमध्ये 1600 बार दाब हवा आहे आणि तो तेवढाच आहे. ईसीएमला मात्र 1450 दिसतो. मग तो दाब आणखी वाढवतो आणि इंजेक्टर तेवढ्याच वेळात जास्त डिझेल सोडतो. वाढलेली सगळी ताकद या जादा डिझेलची असते. म्हणजे ईसीएमला मुद्दाम चुकीचे आकडे देऊन गाडी चालते, आणि देखभालीचा व दुरुस्तीचा सगळा विचार इथूनच करावा लागतो.

ॲव्हरेज वाढले, हा दावा याच कसोटीवर पाहा. डॅशबोर्डवरचे ॲव्हरेज ईसीएम स्वतः हिशेब करून दाखवतो आणि त्या हिशेबात त्याला दिसणारा, म्हणजे खोटा, दाब धरलेला असतो. प्रत्यक्षात जास्त डिझेल गेले तरी पडद्यावरचा आकडा सुधारलेलाच दिसणार. खरे ॲव्हरेज कळायचे तर टाकी फुल करून, नेहमीच्या रूटवर नेहमीच्याच लोडने गाडी चालवून, पुन्हा टाकी फुल करायची आणि भरलेल्या लिटरने किलोमीटरला भागायचे. तेही चिप लावून आणि काढून, दोन्ही वेळा. ओबीडी पोर्टमध्ये खोचायच्या स्वस्त प्लगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, त्यांतल्या कित्येकांत लुकलुकणाऱ्या दिव्यांपलीकडे काहीच नसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिझेल-पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली, त्यांत थोडाफार फायदा देणारी मोजकीच निघाली.

आता बिघाडाकडे येऊ. चेक लाइट लागली, पिकअप गेला, गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जाईना, की इंजेक्टर किंवा पंप खराब झाला असे धरले जाते. स्कॅनरवर पी0087 म्हणजे रेलचा दाब कमी, पी0088 म्हणजे दाब जास्त आणि पी0191 म्हणजे सेन्सरचे वाचन संशयास्पद. पण मधे चिप असताना हे तिन्ही कोड तिच्यामुळेही येऊ शकतात. म्हणून पहिले काम ठरलेले: इंजिन बंद करून इग्निशन काढायचे, ईसीएम पूर्ण बंद होईपर्यंत थांबायचे, चिप काढून मूळ कपलर थेट सेन्सरला जोडायचा, कोड पुसून गाडी लोडवर चालवायची. दोष गेला तर चिप किंवा तिची वायरिंग कारणीभूत. कपलरच्या पिना हिरवट पडल्यात का, लॉक तुटलाय का, वायर गरम पाइपला घासतेय का, हे बघावे. इंजिन वॉशनंतर कपलरमध्ये पाणी राहणे हेही नेहमीचे कारण. चिप काढूनही तोच कोड आला तर डिझेल फिल्टर, पंप आणि इंजेक्टर या क्रमाने पुढे जावे. इंजिन चालू असताना रेलचा पाइप कधीही सैल करू नये, त्या दाबाचे डिझेल कातडी फोडून आत शिरते.

यावर एक आक्षेप हमखास येतो: कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते, तेच इंजिन दुसऱ्या मॉडेलमध्ये जास्त हॉर्सपॉवर देते. एकच इंजिन वेगवेगळ्या ताकदीत विकले जाते, हे खरे. पण जास्त ताकदीच्या मॉडेलला अनेकदा टर्बो, इंजेक्टर, रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्सही वेगळे असतात. राखून ठेवलेली ताकद मे महिन्याच्या उन्हात भरल्या गाडीने कसारा घाट चढताना, एअर फिल्टर अर्धा चोंदलेला असताना कामी येते. चिप हीच राखीव ताकद खाऊन टाकते.

धूर दिसत नाही म्हणजे सगळे ठीक, हा समज बीएस6 गाड्यांत विशेष घातक आहे. जादा डिझेलला हवा कमी पडून झालेली काजळी डीपीएफ (एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर) अडवतो, त्यामुळे ती सायलेन्सरबाहेर दिसत नाही. पण डीपीएफ लवकर भरतो आणि रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणे, वारंवार होते. अनेक पिकअपमध्ये त्या वेळी सिलिंडरात उशिरा सोडलेले थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ते पातळ झालेले ऑइल आहे. चिप ठेवायचीच असेल तर ती सगळ्यांत खालच्या सेटिंगवर ठेवा, ऑइल, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर कंपनीच्या मुदतीआधी बदला.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करते आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.