अरीना फुटबॉलमधील रांगेचा गडी

कोणत्याहि सांघिक खेळांत कांहीं गड्यांचीं नांवें लोकांच्या तोंडीं असतात, तर कांहींचे श्रम कोणाच्या दृष्टीसहि पडत नाहींत. अमेरिकेंतील अरीना फुटबॉलमधला 'ऑफेन्सिव्ह लाइनमन', म्हणजे चढाई करणाऱ्या संघाच्या पुढल्या रांगेंतला गडी, हा दुसऱ्या वर्गांतला होय. त्याचा व्यवसाय समजण्यासाठीं प्रथम तो खेळ कसा आहे तें पाहिलें पाहिजे.

येथें फुटबॉल म्हणजे पायानें खेळण्याचा परिचित खेळ नव्हे. लांबट चेंडू हातांत घेऊन धांवत अथवा फेंकून प्रतिपक्षाच्या हद्दींत न्यावयाचा, आणि चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढें सरकावयाचें, हें अमेरिकन फुटबॉलचें मूळ सूत्र. १९८१ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क येथें छपराखालीं चाललेला सॉकरचा सामना पाहत असतां जिम फॉस्टर या गृहस्थांना असाच बंदिस्त अमेरिकन फुटबॉल कां नसावा, अशी कल्पना सुचली, आणि त्यांनीं जवळच्या पाकिटावर त्याचा आराखडा काढला. १९८७ सालीं चार संघांनीं पहिला हंगाम खेळून दाखविला. मैदान आइस हॉकीच्या जागेएवढें, म्हणजे ५० यार्ड लांब व ८५ फूट रुंद. शिवाय दोन्ही टोकांस आठ आठ यार्डांचा शेवटचा पट्टा. मोकळ्या मैदानावर प्रत्येक बाजूस ११ गडी असतात, येथें ८. सीमारेषेच्या जागीं गाद्या बसविलेलें कुंपण असतें.

जागा अशी चिंचोळी असल्यामुळें चेंडू घेऊन धांवण्यापेक्षां फेंकण्यावरच सारा भर असतो. फेंकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढें तीन धिप्पाड गडी रांगेनें बसतात. मधला आपल्या पायांमधून चेंडू मागें देतो. त्याच क्षणीं समोरचे तितकेच दांडगे गडी क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. त्यांना दोन-तीन सेकंद थोपवून धरणें, एवढेंच या तिघांचें काम.

हें 'एवढेंच' किती अवघड आहे, हें कुस्तीच्या जाणकारास तत्काळ कळेल. पवित्रा घेतल्यावर चेंडू हलेपर्यंत या गड्यानें जागचें हलावयाचें नाहीं. मग प्रतिपक्ष्याकडे तोंड ठेवून, गुडघे वांकवून, पावलापावलानें मागें सरत त्याचा लोंढा छातीवर घ्यावयाचा. तळहातांनीं रेटावें, परंतु पकड घालूं नये. अंगरखा धरून ओढला कीं दंड झालाच. मल्लाला प्रतिस्पर्ध्यास चीत करावयाचें असतें. यानें केवळ त्याला उशीर करावयाचा असतो. ३०० पौंडांच्या आसपासच्या देहाला अशी चपळाई साधण्यास वर्षानुवर्षांची मेहनत लागते.

प्रारंभीच्या वीस वर्षांत हें ओझें दुप्पट होतें. क्वार्टरबॅकसारखे थोडे अपवाद वगळतां प्रत्येकानें चढाईंत व बचावांतहि खेळावें, असा नियम होता. आतां जो क्वार्टरबॅकला राखीत होता, तोच चेंडू पालटतांच दुसऱ्या संघाच्या क्वार्टरबॅकवर धांवून जाई. २००७ पासून गडी मोकळेपणानें बदलण्याची मुभा मिळाली, आणि केवळ चढाईच्या रांगेंत खेळणें हा स्वतंत्र पेशा झाला.

त्यानें श्रम कांहीं हलके झाले, पण एक लहानसा मानहि गेला. बचाव करतांना पाडलेल्या गड्यांची नोंद होत असे. अडविलेल्या गड्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं. शंभर वेळां धक्का सोसला तर वहींत कांहीं उमटत नाहीं. एकदां नियमभंग झाला, तर पंच त्याच्या पाठीवरचा क्रमांक ध्वनिक्षेपकावरून साऱ्या प्रेक्षागारास ऐकवितो.

कर्ट वॉर्नर याचें उदाहरण बोलकें आहे. १९९४ सालीं तो आयोवा संस्थानांत किराणा मालाच्या दुकानीं रात्रपाळीस फळ्यांवर डबे लावीत होता. १९९५ ते १९९७ तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळला, आणि २००० च्या जानेवारींत सेंट लुईसच्या रॅम्स संघास त्यानें अमेरिकेंतील सर्वश्रेष्ठ अजिंक्यपद मिळवून दिलें. चेंडू झटकन् फेंकण्याची कला आपल्या अंगीं अरीनांत बाणली, असें त्याचा सारा इतिहास सांगतो. ती बाणावी म्हणून तीन वर्षें त्याच्यासमोर भिंत होऊन उभे राहिलेल्या गड्यांचीं नांवें मात्र आज किती जणांना सांगतां येतील?

या भिंतीस मोलहि बेताचेंच मिळालें. विद्यापीठांतून खेळून बाहेर पडलेल्या तरुणांपैकीं सुमारे अडीचशेंचीच दरवर्षीं राष्ट्रीय लीगच्या संघांसाठीं निवड होते. मागें राहिलेल्यांपैकीं कित्येक अरीनाकडे वळले. २००९ चा हंगाम रद्द होऊन जुनी लीग दिवाळखोरींत गेली. २०१० सालीं खेळ पुनः सुरू झाला, तेव्हां एका सामन्याचें वेतन ४०० डॉलर होतें. हंगाम संपला कीं पोटासाठीं दुसरी नोकरी पाहणें ओघानेंच आलें. २०१२ सालीं वेतनासाठीं संप झाला, तेव्हां ऑर्लँडो येथील सामन्यापूर्वीं पिट्सबर्ग संघाच्या मालकानें आपल्या खेळाडूंना काढून टाकून बदली माणसें उभीं केलीं. २०१९ सालीं लीग पुनः बंद पडली. २०२४ चें पुनरुज्जीवन सुरू होतांच डळमळलें, आणि २०२५ पासून 'अरीना फुटबॉल वन' या नव्या संस्थेनें तो धागा पुढें चालविला.

अशा डगमगत्या धंद्यांत माणसें कां टिकतात? निव्वळ पैशासाठीं नव्हे, हें उघड आहे. या गड्यास आपल्या कामाचा एक हिशेब ठाऊक असतो: आपल्यामागें उभा असलेला माणूस आज किती वेळां जमिनीवर पडला. तो आंकडा शून्य असला, तर दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत त्याचें नांव येत नाहीं. परंतु क्वार्टरबॅक जातां जातां त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि तेवढ्यावर तो पुढल्या सामन्यासाठीं पुनः वांकून उभा राहतो.