मेणबत्त्यांचं गाव लुक्का

इटलीतल्या कुठल्याही चर्चमध्ये पाऊल टाकलं की बरोबरची मंडळी माना वर करून छताकडे बघू लागतात. मी आधी मेणबत्त्यांचं लोखंडी स्टँड शोधते. ते कुणाच्या मूर्तीपुढे ठेवलंय, त्यावर किती ज्योती आहेत, मेण खरं आहे की प्लॅस्टिकच्या नळीत विजेचा दिवा बसवलाय, एवढं पाहिलं की त्या गावाचा जीव कुठे गुंतलाय ते कळतं. मोठमोठ्या चित्रकारांची भित्तिचित्रं बघायला सगळं जग लोटतं. पण गावातल्या आजीबाई बाजारातून परतताना कोपऱ्यातल्या ज्या काळवंडलेल्या मूर्तीपुढे थांबतात, तिचं नाव गाइडबुकात सापडेलच असं नाही. बरीच वर्षं हा नाद केल्यावर माझं एक गाव ठरून गेलंय: तोस्काना प्रांतातलं लुक्का.

इतिहास झटपट सांगून टाकते. इ.स.पू. १८० मध्ये वसवलेली ही रोमन वसाहत. इ.स.पू. ५६ मध्ये सीझर, पॉम्पी आणि क्रॅसस यांची सत्तावाटपाची बैठक इथेच झाली. पुढे रेशमाच्या व्यापारावर गाव गब्बर झालं, शतकानुशतकं स्वतंत्र प्रजासत्ताक राहिलं, आणि १८०५ मध्ये नेपोलियनने ते आपल्या बहिणीच्या, एलिझाच्या, हाती दिलं. चार किलोमीटरहून लांब तट आजही अखंड आहे. त्यावर झाडं लावली आहेत आणि लोक सायकली फिरवतात. संगीतकार पुच्चिनी १८५८ मध्ये इथेच जन्मला. लुक्काला शंभर चर्चेसचं गाव म्हणतात आणि गल्लीबोळांतून फिरताना ते पटतं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येते. सान मार्तिनो या कॅथीड्रलमध्ये ‘व्होल्तो सांतो’, म्हणजे पवित्र मुख, या नावाने ओळखली जाणारी क्रुसावरच्या ख्रिस्ताची लाकडी मूर्ती आहे. पुरुषभर उंचीहून मोठी, काळसर, अंगात पायघोळ झगा, कमरेला पट्टा. डोळे सताड उघडे. वेदनेने मान टाकलेला ख्रिस्त आपण नेहमी बघतो. हा मात्र समोरच्याकडे रोखून बघतो. आख्यायिका अशी, की बायबलमधल्या निकोदेमसने ही मूर्ती घडवायला घेतली, चेहरा काही जमेना, थकून तो झोपला आणि जागा होऊन बघतो तर देवदूताने चेहरा पुरा केलेला. पुढे खलाशी नसलेल्या नावेतून मूर्ती लुनीच्या बंदराला लागली आणि बैलगाडीने लुक्कात आली. आख्यायिकेतलं साल आहे ७४२. अभ्यासक बराच काळ म्हणत होते, की मूळ मूर्ती गेली, ही नंतर कधीतरी केलेली प्रतिकृती. मग लाकडाची आणि त्यावर चिकटवलेल्या कापडाची कार्बन चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल जाहीर झाला: आठव्या शतकाची अखेर ते नववं शतक. म्हणजे युरोपात टिकून राहिलेल्या सर्वांत जुन्या लाकडी मूर्तींपैकी ही एक. भाविकांचं म्हणणं विज्ञानाच्या इतकं जवळ आलं, याचा मला मनापासून आनंद झाला.

या मूर्तीची आणखी एक कथा मला फार प्रिय आहे. एक गरीब वादक दर्शनाला आला. वाहायला जवळ काहीच नव्हतं, म्हणून त्याने आपलं वाद्य वाजवलं. मूर्तीने पायातला चांदीचा जोडा त्याच्याकडे टाकला. मेणबत्तीचं नातं या कथेशी आहे असं मला वाटतं. सोन्याचा मुकुट वाहणारे व्यापारी लुक्कात पुष्कळ होते. ज्याला ते परवडत नव्हतं त्याच्यासाठी बोटभर मेण होतं.

अर्थात मध्ययुगात हे मेणही स्वस्त नव्हतं. गरिबाच्या घरात जळायची जनावराच्या चरबीची मेणबत्ती. तिचा धूर फार आणि वास त्याहून जास्त. चर्चला लागायचं मधमाश्यांचं मेण. म्हणूनच मेण हा मान देण्याचा आणि मान वसूल करण्याचाही मार्ग झाला. लुक्काच्या सत्तेखालच्या गावांनी होली क्रॉसच्या सणाला ठरलेल्या वजनाच्या मेणबत्त्या कॅथीड्रलला आणून द्यायच्या, असा कायदाच होता. मेणबत्ती पोचली म्हणजे गावाने लुक्काचं स्वामित्व मान्य केलं. भक्ती आणि कर एकाच वातीवर जळत होते.

त्या प्रथेतूनच आजची ‘लुमिनारा’ आली आहे. सणाच्या आदल्या दिवशी, १३ सप्टेंबरला संध्याकाळी, मिरवणुकीच्या वाटेवरचे विजेचे दिवे बंद करतात. खिडक्यांच्या कडा, कमानी, सज्जे यांवर आधीच काचेचे छोटे पेले अडकवलेले असतात. त्यांत ज्योती लावतात. मग इमारत दिसेनाशी होते आणि अंधारात तिच्या नुसत्या रेषा उरतात. सान फ्रेदियानो चर्चपासून कॅथीड्रलपर्यंत मिरवणूक निघते. तीत आसपासच्या गावांचे लोक असतात, जुन्या पोशाखातली पथकं असतात आणि पिढ्यांपूर्वी परदेशी गेलेल्या लुक्काकरांची नातवंडंही असतात. त्या रात्री मूर्तीला मुकुट आणि भरजरी वस्त्रं चढवलेली असतात. शेवटी कॅथीड्रलमध्ये समूहगान होतं. पुच्चिनीच्या घराण्याने इथे पिढ्यान् पिढ्या ऑर्गन वाजवला आहे. मी युरोपातले बरेच दीपोत्सव पाहिले, पण याच्या तोडीचा एकही नाही.

इथे थोडं आडवळण घेते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आइकचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र आहे. आर्नोल्फिनी हे लुक्काचे व्यापारी, ब्रूजमध्ये स्थायिक झालेले. चित्रात खिडकीतून दिवसाचा लख्ख उजेड येतोय, आणि तरीही वरच्या पितळी झुंबरात एकच मेणबत्ती जळते आहे. कुणी म्हणतं ती देवाच्या साक्षीची, कुणी म्हणतं विवाहाची, कुणी म्हणतं मृत पत्नीच्या आठवणीची. वाद मिटलेला नाही. पण मेण देऊन निष्ठा सांगणाऱ्या गावच्या माणसाने भरदिवसा घरात एक ज्योत तेवत ठेवली, यात मला नवल वाटत नाही.

लुक्कात मी स्वतः मेणबत्ती लावते ती मात्र सान फ्रेदियानोमध्ये, सांता झीतापुढे. झीता तेराव्या शतकातली. लहानपणीच फातिनेल्ली कुटुंबाकडे कामाला लागली आणि १२७२ मध्ये मरेपर्यंत त्याच घरची मोलकरीण राहिली. कथा अशी, की मालकाच्या घरातली भाकरी पदराखाली लपवून गरिबांना नेताना ती पकडली गेली. पदर उघडला तर आत फुलं! आज ती घरकाम करणाऱ्यांची संत आहे. तिचा देह काचेच्या पेटीत ठेवलेला आहे आणि २७ एप्रिलला तिच्या सणाला चर्चबाहेर फुलांचा बाजार भरतो. एका दुपारी तिथे मध्यमवयीन बाई आली. हातात भाजीची पिशवी, पायात कामाचे सपाट बूट. तिने पेटीत नाणं टाकलं, शेजारच्या ज्योतीवर वात धरली, बूड जरा वितळवून मेणबत्ती खिळ्यावर घट्ट दाबली, ती कलत तर नाही ना हे वाकून बघितलं आणि मिनिटभरात निघूनही गेली. मेणबत्तीचं काम हेच. माणसाला कामावर जायचं असतं. ज्योत मागे थांबते.

विजेच्या मेणबत्त्या मला पटत नाहीत. नाणं टाकलं की बटणाएवढा दिवा लागतो आणि ठरलेल्या वेळाने विझतो. काजळीने चित्रं खराब होतात, आगीची भीती असते, ही कारणं खरी आहेत आणि जिथे भिंतीवर मौल्यवान चित्र आहे तिथे माझी तक्रारही नाही. पण प्रत्येक चर्चमध्ये एखादा कोपरा खऱ्या मेणासाठी राखायलाच हवा. आपल्या वांद्र्याच्या मोतमाउलीपुढे लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात. त्यात जात-धर्म बघत नाहीत. तिथे बटण बसवलं तर काय उरेल?

जाणाऱ्यांसाठी थोडं. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या. दुपारी बरीच चर्चेस दोन-तीन तास बंद असतात, म्हणून सकाळी निघा. मिस्सा चालू असेल तर फिरू नका, मागच्या बाकावर बसा. लुमिनारासाठी जाणार असाल तर मुक्कामाची सोय महिनोन् महिने आधी करा. आणि युरोची सुटी नाणी जवळ ठेवा. मेणबत्तीसमोर पैसे मागायला कुणी उभं नसतं, म्हणून फुकट ज्योत लावून फोटो काढणारे प्रवासी मी पाहिले आहेत. तसं करू नका. त्या पेटीतल्या पैशांचा चर्चच्या देखभालीला हातभार लागतो.