ब्रेकचा लिव्हर हळूहळू आत जातोय? घाट उतरायच्या आधी हे वाचा!

मंडळी, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे पुण्याकडून येणारे बाइकवाले बोरघाट जुन्या रस्त्याने उतरतात आणि खोपोलीला शिळफाट्यावर पोचतात. उतारावर ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणजे खरं काम पुढचा ब्रेकच करतो. १२५ सीसीपेक्षा मोठ्या सगळ्या नव्या बाइक्सना एबीएस सक्तीचं झालं ते १ एप्रिल २०१९ पासून. सीबीझेड किंवा सुरुवातीच्या पल्सरसारख्या जुन्या गाड्यांना ते नाही. तिथे सगळा भरवसा हँडलवरच्या एका छोट्या भागावर असतो: मास्टर सिलिंडर.

हा करतो काय?

लिव्हर दाबला की आतला पिस्टन ब्रेक ऑइलला ढकलतो. शाळेत शिकलेल्या पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब पाइपातून कॅलिपरपर्यंत जातो आणि पॅड डिस्कला आवळतात. पिस्टनवर दोन रबरी सील असतात. पुढचा कप दाब धरतो, तर मागचा सील ऑइल बाहेर येऊ देत नाही.

बिघाड कसा ओळखायचा?

गाडी उभी असताना लिव्हर घट्ट दाबून मिनिटभर धरा.

- लिव्हर हळूहळू मुठीकडे सरकतोय आणि बाहेर कुठेच गळती नाही? मग पुढचा कप झिजला असण्याची शक्यता मोठी. ऑइल कपाच्या कडेने मागे निसटतं, म्हणून बाहेर थेंबही दिसत नाही.
- लिव्हर स्पंजासारखा लागतोय आणि चार-पाच वेळा दाबल्यावर कडक होतोय? लाइनमध्ये हवा आहे.
- लिव्हरच्या बुडाशी ओल दिसतेय? मागचा सील गेला.
- लिव्हर सोडूनही चाक जड फिरतंय? ऑइल परत टाकीत जाण्याचं बारीक छिद्र तुंबलेलं असू शकतं किंवा कॅलिपर अडकला असेल.

ऑइल जुनं झालं की काय होतं?

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलीची कमी नाही. नवं डॉट ४ ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. घाटात सतत ब्रेक धरून उतरलात तर तापलेलं ऑइल उकळतं, वाफ होते आणि वाफ दाबली जाते. मग लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदला आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये राहा.

किट टाकताना

नव्या सिलिंडरपेक्षा पिस्टन, सील आणि स्प्रिंगचं किट बरंच स्वस्त पडतं. पण काम बारकाईचं आहे. जुनं ऑइल काढायचं, लिव्हर आणि रबरी टोपी काढून आतलं लॉक पक्कडीने सोडवायचं, मग पिस्टन बाहेर येतो. आता सिलिंडरची आतली भिंत उजेडात पाहा. नखाला लागणारा ओरखडा किंवा गंजाचे खड्डे असतील तर किटचे पैसे वाया जातील, पूर्ण सिलिंडरच बदला.

भिंत गुळगुळीत असेल तर ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवा. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि नवं किटही खराब होतं. सील ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवा, पुढच्या कपाची उघडी कड स्प्रिंगकडे हवी. पाइपाच्या बोल्टचे तांब्याचे वायसरही नवे टाका.

शेवटी हवा काढायची. लिव्हर दाबा, निपल उघडा, निपल बंद करा आणि मगच लिव्हर सोडा. टाकीतलं ऑइल मधे संपू देऊ नका. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उडतो.

काम झाल्यावर मिनिटभराची तीच चाचणी पुन्हा करा आणि आधी सपाट रस्त्यावर हळू चालवून बघा. हात बसलेला नसेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. पण त्याने आत काय टाकलं आणि कशाने धुतलं, हे विचारायला लाजू नका!

तुमच्या ग्रुपमध्ये कुणाकडे जुनी बाइक असेल तर पुढच्या घाटाआधी त्याला हे नक्की पाठवा.