आकाशात फिरणारे ‘पंडितजसराज’

मंगळ आणि गुरू या ग्रहांच्या मधल्या जागेत एक लहानसा खडक सूर्याभोवती फिरतो आहे. त्याचा क्रमांक ३००१२८ आणि त्याचे नाव ‘पंडितजसराज’! होय, तेच आपले मेवाती घराण्याचे पंडित जसराज. जन्म हरियाणातला, पण मुंबई ही त्यांची कर्मभूमी आणि मराठी घराशी त्यांचे नाते जावयाचे. चित्रपती व्ही. शांताराम यांच्या कन्या मधुरा या त्यांच्या पत्नी.

शोध कसा लागला?

११ नोव्हेंबर २००६ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातल्या माउंट लेमन येथील दुर्बिणीने हा लघुग्रह टिपला. सुरुवातीला त्याला ‘२००६ व्हीपी३२’ असे तात्पुरते नाव मिळाले. हे नाव म्हणजे एक पत्ताच असतो. २००६ हे वर्ष, ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि ‘पी३२’ म्हणजे त्या पंधरवड्यात नोंदवलेला ८१५वा लघुग्रह. एवढ्या गर्दीत हा एक!

एकदा दिसला म्हणून लगेच पक्का क्रमांक मिळत नाही. खगोलशास्त्रज्ञ त्याच्यावर पुन्हा पुन्हा नजर ठेवतात. तो पुढे कधी, कुठे दिसेल हे खात्रीने सांगता आले की मगच क्रमांक दिला जातो. ३००१२८ हे आकडे उलट्या क्रमाने जोड्यांत वाचा : २८-०१-३०. पंडितजींची जन्मतारीख २८ जानेवारी १९३०!

नाव कोण ठेवते?

नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोध लावणाऱ्यांचा. त्यावर शिक्कामोर्तब करते आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती. नियम साधे आहेत. नाव १६ अक्षरांत बसावे, शक्यतो एकाच शब्दाचे असावे, जाहिरातीसाठी नसावे. राजकीय वा लष्करी व्यक्तीचे नाव द्यायचे तर तिच्या निधनाला १०० वर्षे झालेली असावी लागतात. म्हणूनच ‘पंडित’ आणि ‘जसराज’ हे दोन शब्द इथे जोडून लिहिले आहेत.

या नावाला २३ सप्टेंबर २०१९ रोजी मान्यता मिळाली. बाख, बीथोवन, मोझार्ट, पाव्हारॉटी यांच्या नावाचे लघुग्रह आधीपासून होते. त्या मैफलीत एक भारतीय गायक जाऊन बसला. पंडितजी तेव्हा ८९ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १७ ऑगस्ट २०२० रोजी, अमेरिकेतील न्यू जर्सी येथे त्यांचे निधन झाले. हा मान त्यांच्या हयातीत मिळाला, याचे मोल म्हणूनच मोठे.

कुठे फिरतो?

लघुग्रहांचा मुख्य पट्टा सूर्यापासून साधारण ३१ ते ४९ कोटी किलोमीटर अंतरावर आहे. गुरूच्या प्रचंड ओढीमुळे इथल्या दगडधोंड्यांचा कधी ग्रह बनू शकला नाही. पट्ट्यातले लाखो खडक एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या ५ टक्क्यांहूनही कमी भरेल. सूर्याभोवती एक फेरी घालायला इथल्या बहुतेक लघुग्रहांना ३ ते ६ वर्षे लागतात.

भिलाईच्या वैशाली नगरातल्या गच्चीवरून किंवा पुण्याच्या टेकडीवरून हा लघुग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. घरातल्या छोट्या दुर्बिणीतूनही नाही. मुलांना तो ‘दाखवायचा’ असेल तर निरभ्र रात्री गुरू दाखवा आणि सांगा, त्याच्या कक्षेच्या अलीकडे आपले पंडितजी फिरत आहेत.

एवढे लक्षात ठेवा

वाढदिवसाला किंवा लग्नाच्या वाढदिवसाला ‘ताऱ्याला तुमचे नाव देतो’ अशा जाहिराती दिसतात. पैसे भरले की छानसे प्रमाणपत्र घरी येते. पण खगोलशास्त्रज्ञांच्या अधिकृत यादीत त्या नावाला जागा नसते. हौस म्हणून घ्यायचे तर घ्या, खरे मानून नको. आकाशातले नाव विकत मिळत नाही. पंडितजींनी ते सुरांवर मिळवले.