उडाला पक्षी, बसला कुत्रा

अमेरिकेतल्या साउथ डकोटात ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंटच्या शिकारीचा मोसम उघडतो. फेझंट म्हणजे कोंबडीच्या कुळातला, लांब शेपटीचा, मूळचा आशियाई पक्षी. शांघायमधले अमेरिकेचे वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी १८८१-८२च्या सुमारास चीनमधून काही फेझंट ओरेगनला धाडले. ते तिथं रुजले, आणि आज हा पाहुणा साउथ डकोटाचा राज्यपक्षी होऊन बसला आहे. त्याची खोड अशी, की संकट आलं तरी तो लगेच उडत नाही. गवतात दबून बसतो, नाहीतर पायांवर पळ काढतो. माणूस त्याच्यापासून हातभर अंतरावरून निघून जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून सोबत स्पॅनियल हवा. लांब कानांचा, बेताच्या चणीचा हा कुत्रा गवताच्या दाटीत शिरतो आणि सुसाट फिरत राहतो. मध्येच शेपटीची लय बदलते, तो गर्रकन वळतो, झेपावतो, आणि पंखांचा फडफडाट करत फेझंट वर उसळतो. नेमक्या त्या क्षणी शिकवलेला स्पॅनियल काय करतो? खाली बसतो. ज्याच्यासाठी इतका वेळ जीव टाकून धावला, ते नाकासमोरून निघून जात असताना हा पठ्ठ्या थरथरत, टक लावून, पण बसून राहतो.

मला या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत नवल वाटतं ते या बसण्याचं. पक्षी शोधायला, त्याच्यावर झेपावायला स्पॅनियलला कुणी शिकवत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून ते रक्तात उतरलेलं असतं. शिकवायचं असतं ते थांबणं. आणि त्याचा पहिला धडा रानात नाही, स्वयंपाकघरात गिरवला जातो.

आठ आठवड्यांचं पिल्लू घरी येतं. जेवणाचा वाडगा त्याच्या डोक्यावर उंच धरायचा. वर बघता बघता त्याचं बूड आपोआप जमिनीला टेकतं. टेकलं की ‘हप’ म्हणायचं आणि वाडगा खाली ठेवायचा. स्पॅनियलवाल्यांच्या बोलीत बसण्याचा हुकूम हाच, ‘हप’. काही दिवसांनी त्याच्या जोडीला शिट्टीचा एक लांब सूर येतो. लांब सूर म्हणजे जिथं असशील तिथं बस, दोन आखूड म्हणजे वळ, लागोपाठ बरेच आखूड म्हणजे परत ये. शिट्टीही ठरलेली असते. बर्मिंगहॅमच्या ‘ॲक्मे’ची २१०.५ क्रमांकाची शिट्टी स्पॅनियलसाठी फार चालते. त्या क्रमांकाच्या सगळ्या शिट्ट्यांचा सूर एकच, त्यामुळे एक हरवली तरी दुसरी आणता येते आणि कुत्र्याला फरक कळत नाही.

वस्तू आणून द्यायचा धडा घराच्या अरुंद बोळात. दोन्हीकडची दारं लावून घ्यायची, मोज्याची गुंडाळी टाकायची. पिल्लू ती उचलतं आणि पळून जायचं म्हटलं तरी वाट एकच, तुमच्याकडची. इथं घाई नडते. तोंडातली वस्तू हिसकावली, तर पिल्लू जवळ यायचं टाळतं, किंवा वस्तू घट्ट दाबून धरतं. पुढे तेच दात पक्ष्याचा चेंदामेंदा करतात. दोन-तीन वेळा झालं की खेळ बंद, पिल्लाला अजून हवा असतानाच. चार महिन्यांच्या आसपास दुधाचे दात पडू लागले, हिरड्या दुखू लागल्या, की हा खेळ काही काळ पूर्ण थांबवतात.

बंदुकीची ओळख हा सगळ्यांत नाजूक भाग. आवाजाला बुजलेला कुत्रा पुन्हा माणसाळवणं महाकठीण, आणि बुजण्याचं कारण बहुतेक वेळा माणसाची घाई हेच असतं. ‘बघू घाबरतो का’ म्हणून कानाजवळ बार काढणाऱ्यानं कुत्रा पाळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रीत अशी: आधी गवतात लपवलेला पंख, मग मेलेलं थंड कबूतर, मग जिवंत पक्षी. पिल्लू पक्ष्यात पुरतं रमलं, की शंभरेक मीटरवरून फुसक्या काडतुसाचा लहानसा बार. त्यानं मान वर केली नाही, तर पुढच्या खेपेला थोडं जवळून. आवाज आणि आनंद यांची अशी गाठ बसते, की मोठेपणी बार ऐकून तो आशेनं आकाशाकडे बघतो.

बाहेरच्या मैदानात खरा गुरू असतो वारा. स्पॅनियलनं माणसापुढे डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मोटारीच्या काचेवरच्या वायपरसारखं फिरायचं, तेही छर्ऱ्याच्या टप्प्यात, म्हणजे तीसेक मीटरच्या आत. त्यापलीकडे उठवलेला पक्षी गेलाच म्हणायचा. पिल्लाला घेऊन वाऱ्याला सामोरं, नागमोडी चालायचं. आपण वळलो की तेही वळतं. समोरून येणारी हवा गंध आणून देते, म्हणून आडवं फिरण्यातच फायदा आहे हे त्याचं त्यालाच उमगतं. वारा पाठीमागून असेल, तर अनुभवी कुत्रा आधी सरळ पुढे जातो आणि गंध घेत माणसाकडे परततो. हे बरंचसं त्याचं त्यानंच शिकलेलं असतं.

ते नाक तरी कसं! पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यातल्या हवेचा प्रवास मोजला आहे. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा श्वास आत-बाहेर करतो. बाहेर जाणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागे वळते, त्यामुळे समोरून येणारा ताजा गंध विस्कटत नाही. आत गेलेल्या हवेचा एक लहान हिस्सा वेगळा होऊन मागच्या, गंध ओळखणाऱ्या कप्प्यात जातो, बाकीची फुप्फुसांकडे.

मग इतक्या उधाणलेल्या प्राण्याला थांबवायचं कशाला? पक्षी खाली उडत असेल, तर पाठलाग करणारा कुत्रा छर्ऱ्यांच्या वाटेत येतो. बसलेल्याला पक्षी नेमका कुठं पडला ते दिसतं. शिवाय फेझंट एकाच झुडपात अनेक असतात. एकामागे धावणारा कुत्रा उरलेल्यांना उठवतो, आणि दुनळी बंदुकीतली दोन्ही काडतुसं तोवर संपलेली असतात.

ही बैठक बंदुकीहूनही जुनी आहे. पूर्वी स्पॅनियल ससाण्याबरोबर किंवा जाळं घेऊन निघालेल्या माणसाबरोबर काम करत. पक्षी हेरून जमिनीलगत दबणाऱ्या कुत्र्यांचं वर्णन इंग्लंडचे राजवैद्य जॉन केयस यांच्या १५७०च्या पुस्तकात सापडतं. कुत्रा दबला की जाळं ओढायचं. पुढे त्यांच्यातूनच सेटर ही वेगळी शाखा निघाली. स्प्रिंगर आणि कॉकर या स्पॅनियलच्याच दोन जाती तर एकोणिसाव्या शतकात एकाच वेतातले भाऊ असू शकत; वजनावरून त्यांची नावं ठरत. स्पॅनियलची पहिली मैदानी स्पर्धा इंग्लंडमध्ये १८९९ला झाली. आजच्या स्पर्धांत उडालेल्या पक्ष्यामागे धावणारा कुत्रा कितीही देखणा फिरो, तिथंच बाद.

यात खरी मेख आहे ती क्रमाची. लगाम फार लवकर आवळला, तर पिल्लू आज्ञाधारक होतं आणि झुडपात शिरायचंच विसरतं. म्हणून अमेरिकेतले बरेच प्रशिक्षक कोवळ्या वयात पक्ष्यांमागे मनसोक्त धावू देतात आणि थांबण्याचा कडक अभ्यास नंतर सुरू करतात. ब्रिटनमध्ये पाठलागाची चटक लागण्याआधीच लगाम घालण्याकडे कल अधिक. वाडग्यासमोरचा ‘हप’ मात्र दोघांकडे सारखाच.

आपल्याकडे तितर-लाव्यांची शिकार वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. पण याच नाकाला दुसरी कामंही मिळाली आहेत. ब्रिटिश सैन्यातल्या बस्टर या स्प्रिंगरनं इराकमध्ये दडवलेला शस्त्रसाठा हुडकला, म्हणून २००३ला त्याला प्राण्यांच्या शौर्यासाठी दिलं जाणारं डिकिन पदक मिळालं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या कॉकरलाही पक्ष्याशिवाय हा सगळा अभ्यास देता येतो: वाडग्यासमोर ‘हप’, बोळातला मोजा, उंच गवतात वाऱ्याच्या दिशेनं लपवलेला चेंडू. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत मोकळ्या माळावर मात्र त्याला पट्ट्यालाच ठेवा. टिटवी तिथं उघड्या जमिनीवर अंडी घालते, आणि ती शोधायला या नाकाला क्षणभरही लागत नाही.